इतर हक्क

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक रकाना असतो. छापील कागदावर त्याचं नाव 'इतर अधिकार', पण आमच्या पलूस तालुक्यात बोलताना सगळे 'इतर हक्क' म्हणतात. जमिनीवर कुणाचं कर्ज असेल तर ते तिथं चढतं. त्याला बोजा म्हणायचं. 2017 च्या मे महिन्यात मी तलाठी कार्यालयातून आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावचा उतारा काढला आणि गट नंबर, क्षेत्र, आकार असं वाचत त्या रकान्यापाशी आलो. तिथं एका पतसंस्थेचं नाव होतं. पुढं 'बोजा रु. 1,50,000', फेरफाराचा म्हणजे नोंदीतल्या बदलाचा नंबर आणि साल. साल होतं 2006.

2006 साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो.

त्या दिवशी मी कार्यालयात गेलो होतो तो तीच जमीन तारण ठेवता येईल का ते बघायला. नोकरी सोडून मित्रांबरोबर कंपनी काढली होती, खेळत्या भांडवलाला पैसे हवे होते, आणि बँकेतले साहेब म्हणाले होते, "घरची जमीन असेल तर सातबारा घेऊन या." जमीन दोन एकर वीस गुंठे. त्यातली एक एकर द्राक्षबाग, बाकी ऊस. त्या जमिनीवर माझ्या शिक्षणापायी एक बोजा आधीच चढलेला आहे आणि अकरा वर्षं मला त्याचा पत्ता नाही, हे मला एका रकान्यानं सांगितलं. कार्यालयाबाहेर लिंबाखाली मोटारसायकल लावली होती. तिच्यावर बसून मी तो कागद चार-पाच वेळा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि घरी जाऊन जेवलो. आण्णांना काही विचारलं नाही.

पुढची आठ वर्षंही विचारलं नाही. हा लेख खरं तर त्या न विचारण्याबद्दल आहे.

बारावीनंतरचे दिवस आठवतात. 2005 चा जून. सीईटीचे मार्क बरे होते, पण सांगलीचं वालचंद आणि कऱ्हाडचं शासकीय कॉलेज, दोन्ही थोडक्यात हुकली. उरली ती विनाअनुदानित. आमच्याच जिल्ह्यातल्या वसंतदादांनी मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये अशा कॉलेजांना परवानगी दिली होती, आणि त्यामुळे माझ्यासारखी खेड्यातली हजारो पोरं इंजिनिअर झाली. हे खरं आहे आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण विनाअनुदानित म्हणजे सरकार जे देत नाही ते घरानं द्यायचं, एवढा सरळ अर्थ तेव्हा मला कुणी फोड करून सांगितला नव्हता. फी वर्षाला अठ्ठावन्न हजार. होस्टेल बारा हजार. मेस महिना बाराशे. मी आकडे ऐकून गप्प झालो तेव्हा आण्णा म्हणाले, "तू अभ्यास कर. पैशाचं आमी बघतो."

हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांत बोललं गेलं असेल! याच्याइतकं मायेचं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. बोलणारा माणूस त्या क्षणी पोराच्या खांद्यावरचं सगळं ओझं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेत असतो. पण त्याच क्षणी पोराला हिशेबाच्या खोलीतून बाहेर काढून दार लावलं जातं. मग पोरगं वीस वर्षं त्या बंद दाराबाहेर उभं राहून अंदाज बांधत बसतं की आत किती लागले असतील.

बँकेच्या कर्जाचं मला ठाऊक होतं, कारण त्यावर माझी सही होती. शैक्षणिक कर्जाची नमुना योजना 2001 पासूनची. चार लाखांपर्यंत तारण नको, आईवडिलांपैकी एकजण सहकर्जदार झाला की पुरे, आणि शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही. कागदावर असं होतं. प्रत्यक्षात आमच्या शाखेत आण्णांना सहा खेपा घालाव्या लागल्या, दोन जामीनदार द्यावे लागले आणि मंजूर झाले दोन लाख. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या उचलीपासून चालू असतं. ते मला कळलं 2010 मध्ये. मी 2009 ला पास झालो. आदल्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली होती आणि कॅम्पसमध्ये मिळालेलं ऑफर लेटर कपाटात पडून होतं. 'जॉइनिंगची तारीख कळवू' अशी मेल दर दोन महिन्यांनी यायची. मार्च 2010 मध्ये हिंजवडीला रुजू झालो आणि जूनला पहिला हप्ता सुरू झाला, तेव्हा दोन लाखांचे दोन लाख शहात्तर हजार झाले होते. साडेअकरा टक्के, साठ हप्ते, प्रत्येकी सहा हजार सत्तर रुपये. हातात पगार यायचा सतरा हजार चारशे. 2015 च्या मध्यावर शेवटचा हप्ता गेला. त्या रात्री मी घरी फोन करून मोठ्या अभिमानानं म्हणालो, "आण्णा, माझ्या शिक्षणाचं कर्ज फिटलं."

पलीकडून ते म्हणाले, "बरं झालं बाबा." एवढंच.

त्यांनी स्वतःचं फेडलं होतं 2013 मध्ये. माझ्या दोन वर्षं आधी. मला एका अक्षरानं न सांगता.

नोकरी मी मे 2016 मध्ये सोडली. त्या वर्षी 16 जानेवारीला दिल्लीत 'स्टार्टअप इंडिया'ची घोषणा झाली होती आणि हिंजवडीच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. पण आमच्या डोक्यात कल्पना आधीपासून होती आणि ती घरातूनच आली होती. तासगाव-पलूस भागातला द्राक्षवाला ऑक्टोबर छाटणीपासून चार-साडेचार महिने बागेत राबतो. छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं रात्री-अपरात्री फवारणी करतो, घड औषधात बुडवून डीप करतो, थिनिंगला म्हणजे मणी विरळ करायला बायका लावतो, आणि शेवटी दर ठरवतो बांधावर आलेला व्यापारी. काही व्यापारी चोख असतात. काही माल उचलतात, पहिला हप्ता देतात आणि मार्चनंतर त्यांचा फोन लागत नाही. आण्णांचे असे दोन हंगामांचे पैसे बुडाले होते. आम्ही ठरवलं, बागेतून पेटी थेट पुण्याच्या सोसायट्यांत न्यायची. शेतकऱ्याला व्यापाऱ्यापेक्षा किलोमागं आठ रुपये जास्त द्यायचे आणि चौथ्या दिवशी खात्यावर जमा करायचे.

घरी मी सांगितलं नाही. कंपनीनं घरून काम करायची सोय दिलीय, असं म्हणालो. सात महिने ते तसंच चाललं. मग आमच्याच वस्तीवरच्या एका बागायतदाराच्या खात्यावर आमच्या कंपनीचे पैसे जमा झाले, आणि त्यानं पारावर आण्णांना सांगितलं, "तुमच्या पोराचं पैसं येळंवर आलं बगा." आण्णा घरी आले, आईला म्हणाले, आईनं मला फोन केला. आण्णा फोनवर आले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

किर्लोस्करवाडी आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या वस्तीवरची म्हातारी माणसं वेळ सांगायची. शाळेत लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धडा म्हणजे जिद्दीचा धडा: लोखंडी नांगर केला, शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष उतरेल, दोन वर्षं नांगर विकला गेला नाही, तरी माणूस हटला नाही. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर, निवडुंग आणि नागांच्या वस्तीत, कारखाना उभा राहिला. मी नोकरी सोडली तेव्हा हीच गोष्ट मनात घोकत होतो. पण त्या गोष्टीचा आधीचा भाग मला उशिरा भिडला. हा माणूस आधी चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. त गेला होता. वडिलांची इच्छा नव्हती. खर्चाला हात दिला तो थोरल्या भावानं, रामूअण्णांनी. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सुटली आणि यंत्रांची ड्रॉइंग्ज हाती आली. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी. तीही सोडली. मग बेळगावात सायकलींचं दुकान, पुन्हा भावाच्याच सोबतीनं. कडबा कापायचं यंत्र आणि नांगर त्यानंतरचे. म्हणजे ज्याला आपण एका ध्यासाचं उदाहरण म्हणून मुलांपुढं ठेवतो, त्या माणसानं तीनदा वाट बदलली होती, आणि पहिल्या वाटेचे पैसे ज्या भावानं भरले, तो पुढच्या वाटेवरही बरोबर उभा होता. रामूअण्णांना आम्ही धड्यात कुठं भेटलो असलो तरी मला ते आठवत नाहीत. मला ते आता रोज आठवतात.

आणि याच किर्लोस्करवाडीचे नांगर काही काळ भाऊराव पाटील विकत फिरत होते. ऐतवड्याचे भाऊराव, ज्यांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. फिरत्या विक्रेत्याची मिळकत सोडून गोरगरिबांच्या पोरांना गोळा करणारा हा माणूस. वसतिगृहातल्या पोरांना घास मिळावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकलं, ही हकिगत आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण मला त्यांची 'कमवा आणि शिका' ही कल्पना जास्त मोलाची वाटते. पोरानं सकाळी शेतात राबायचं, दुपारी वर्गात बसायचं. त्यातून दोन पैसे सुटायचे हे तर झालंच. पण आपल्या शिक्षणाला काय पडतं हे त्या पोराला हाताच्या घट्ट्यांनी कळत असणार. त्याच्यापासून कुणी काही लपवत नव्हतं.

आमच्या कंपनीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. पहिला हंगाम नोटाबंदीनंतरचा, जानेवारी 2017 चा. त्यातही आम्ही तरलो, कारण आमचे व्यवहार खात्यावर होते. अडकलो ते उधारीच्या दिवसांत. शेतकऱ्याला चौथ्या दिवशी, टेम्पोवाल्याला त्याच दिवशी, पुठ्ठ्याच्या पेट्यांचे पैसे आगाऊ. आणि आमच्याकडं येणारे पैसे, ज्या दुकानांना आम्ही नंतर माल द्यायला लागलो त्यांच्याकडून, तीस-पस्तीस दिवसांनी. विक्री जेवढी वाढेल तेवढं हे भगदाड मोठं होत होतं. तीन वर्षांच्या करमाफीची सवलत होती, पण ती नफ्यावर असते. आम्हाला हवा होता तीस दिवसांचा श्वास.

एक शनिवार डोळ्यांपुढून जात नाही. एप्रिलची सुरुवात. पहाटे चारला सोनाका द्राक्षांच्या एकशेवीस पेट्या भरून टेम्पो निघाला, खंबाटकी घाटात दोन तास अडकला, आणि बाणेरच्या सोसायटीत पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. सकाळच्या वेळेला खाली आलेली माणसं कधीच वर गेली होती. चाळीस-पन्नास पेट्या गेल्या. बाकीच्या संध्याकाळपर्यंत पार्किंगमध्ये. मी एक पेटी उघडली. वरचे घड ठीक होते. उचलला तसे खालचे मणी टपटप गळून पुठ्ठ्यात पडले. उन्हानं देठ तपकिरी झाले होते. ते मणी ज्या बागेचे होते तिथं थिनिंगच्या वेळी मी स्वतः उभा होतो. बायका कात्रीनं एकेक मणी काढत होत्या, हात वर धरून धरून त्यांचे खांदे भरून यायचे. त्या बागेच्या मालकाला आम्ही चौथ्या दिवशी पूर्ण पैसे दिले. ते माझ्या बचतीतले शेवटचे होते.

त्यानंतर महिन्याभरात मी सातबारा काढायला गेलो.

बोजा बघितल्यावर मी बँकेत परत गेलो नाही. पुढचा हंगाम आम्ही आहे तेवढ्यात रेटला आणि मार्च 2018 मध्ये थांबलो. एकाही शेतकऱ्याचा रुपया ठेवला नाही, एवढं समाधान. कंपनी काढणं सोपं असतं. ती कागदोपत्री मिटवायला हिशेब, लेखापरीक्षण, प्रतिज्ञापत्रं, फॉर्म, फी, सगळं लागतं, आणि त्यात दीड वर्ष गेलं. मी पुन्हा हिंजवडीत नोकरी धरली. आण्णांनी तेव्हाही एवढंच विचारलं, "कुणाचं देणं न्हाई ना ऱ्हायलं?" मी नाही म्हणालो. माझ्या खिशात घडी घातलेला तो उतारा होता असं नाही, पण मनात होता. तेव्हाच विचारायला हवं होतं: आण्णा, तुमचं राहिलं होतं का? जीभ उचलली नाही. ते लपवत होते मायेपोटी, मी लपवत होतो लाजेपोटी, आणि घरात पैशाखेरीज सगळ्या विषयांवर गप्पा चालायच्या.

2021 मध्ये मी दुसऱ्यांदा वाट बदलली. आज मी एका खासगी तंत्रनिकेतनात शिकवतो. संगणक विभागात, डिप्लोमाच्या मुलांना. पगार होता त्याच्या चौथ्या हिश्शावर आला. लोकांना वाटतं कोरोनात माणूस हलला आणि गावाकडं आला. हललो होतोच. दीड वर्ष घरून काम करताना संध्याकाळी वस्तीवरची चार-सहा पोरं गणित विचारायला यायची आणि दिवसातला तेवढा एक तास मला माझा वाटायचा. पण यावेळी आम्ही निर्णय वेगळ्या रीतीनं घेतला, आणि ती रीत माझ्या बायकोची. ती सांगलीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती म्हणाली, "आधी सहा महिने अठ्ठावीस हजारांत राहून बघू. तुझा बाकीचा पगार आलाच नाही असं समजायचं." आम्ही तो पगार दुसऱ्या खात्यात टाकत गेलो. तिसऱ्या महिन्यात गाडीचा विमा आला आणि मोडलो. पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. सहा महिने पुरे झाले तेव्हा तिनं वही पुढं ठेवली. कुठं काय गेलं ते सगळं त्यात होतं, तिच्या आईच्या औषधांपासून माझ्या चहापर्यंत. त्या वहीवर बोट ठेवून मी राजीनामा लिहिला. नोकरी सोडण्याचा माझा हा दुसरा निर्णय, पण उघड्या हिशेबाचा पहिला. त्या रात्री मला झोप लागली. 2016 च्या मे महिन्यात लागली नव्हती.

तंत्रनिकेतनात दर जून-जुलैला मी प्रवेशाच्या टेबलावर बसतो. बाप प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतो: दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा, डोमिसाइल. पोरगं मागं उभं. मी फी सांगतो तेव्हा बाप पुढं सरकतो आणि आवाज खाली आणतो, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. प्रत्येक वेळी मी आता पोरालाच खुर्ची देतो. "बस. तू लिहून घे." दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेला तर किती, बारावी करून चार वर्षांना गेला तर किती, शासकीय तंत्रनिकेतनात नंबर लागला तर किती, आयटीआय करून अप्रेंटिसशिपला गेला तर उलट त्यालाच किती मिळतील. पोरं पहिल्यांदा गोंधळतात. मग पेन सरसावतात. एका पोरानं आकडेमोड करून बापाला म्हटलं, "आप्पा, मी घरनं जाऊन-येऊन करतो, एस.टी.चा पास काढू." बाप माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिला, जणू मी त्याच्या पोराला काही तरी सांगायचं नव्हतं ते सांगून टाकलं. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी. तरी मी पुढच्या पोरालाही खुर्ची दिली.

आता यंदाची गोष्ट. ताईची मुलगी, माझी भाची, बारावी झाली. सीईटीत चांगले पर्सेंटाइल. जुलैत कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीचे पर्याय भरायचे होते, म्हणून मायलेकी आमच्याकडं आल्या. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दाजी शेती करतात. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फार मोठी गोष्ट आहे ही, आमच्या वस्तीवरच्या दोन मुली तिच्यामुळेच इंजिनिअरिंगला गेल्या. पण वीस वर्षांच्या नोकरीनंतर ताईचा पगारच वर्षाला आठ लाखांच्या वर जातो. त्यामुळं हिला पूर्ण फी.

आई, आण्णा, ताई, बायको, सगळे सोप्यात बसलो. मी भाचीच्या हातात वही दिली. पुण्याचं तिचं आवडतं कॉलेज, होस्टेल, मेस, लॅपटॉप, येणं-जाणं. ती लिहीत होती. मेसच्या ओळीला आली तेव्हा म्हणाली, "मामा, तुझ्या वेळी मेस किती होती?"

"बाराशे," मी म्हणालो.

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते माझ्याकडनं जायचे."

मला कळलंच नाही. ती सहज बोलून गेली होती. डी.एड. होऊन ती 2005 मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागली. शिक्षणसेवकाला तेव्हा मानधन होतं महिना तीन हजार, तीन वर्षं. तिला बारावी सायन्सला माझ्याहून दोन टक्के जास्त होते आणि तिला कृषी पदवीला जायचं होतं. "दोघांचं एकदम जमायचं न्हाई, तू डी.एड. कर, लवकर पायावर उभी राहशील," असं तिला सांगितलं गेलं, आणि ती उभी राहिली. लग्न होईपर्यंत, आणि लग्नानंतरही दाजींना सांगून, तीन हजारांतले बाराशे दर महिन्याला आण्णांच्या हातात द्यायची. मी होस्टेलवर मेसवाल्याला पैसे देताना ते बापाचे समजून देत होतो. चार वर्षं मी तिच्या ताटातलं जेवलो आणि दिवाळीला तिच्यासाठी कधी एक साडीसुद्धा आणली नाही.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू परत आला असतास," ताई म्हणाली.

त्यावर कुणीच काही बोललं नाही. मग मी आत गेलो, कपाटातला 2017 चा उतारा काढला आणि आण्णांच्या पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. "फेडलंय हे," म्हणाले. "तेराला. चांगली बाग आली ती त्या साली." मी म्हणालो, "मग अजून चढलेलं कसं?" त्यांना माहीत नव्हतं. पैसे भरले की बोजा आपोआप उतरतो असं त्यांना वाटत होतं. तसं होत नाही. संस्थेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणावा लागतो, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार धरला जातो. बारा वर्षं फिटलेलं कर्ज कागदावर तसंच बसून होतं. आण्णांनी 2006 पासूनची एकेक गोष्ट त्या संध्याकाळी सांगितली. कॉम्प्युटरला तीस हजार. व्याज पंधरा टक्के. 2009 ला गारपिटीनं बाग गेली तेव्हा दोन म्हशी विकल्या. म्हशी विकल्याचं मला आठवत होतं. आईला धारा काढणं होत नाही म्हणून विकल्या, असं मला सांगितलं होतं. भाची वहीत ते सगळं लिहीत होती. तिला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

रात्री ती मला म्हणाली, "मामा, समजा मी गेले, आणि चार वर्षांनी मला ते आवडलंच नाही तर? तू सोडलंस तसं मी सोडलं तर?"

मी म्हणालो, सोडता येतं. मी जे शिकलो त्यातलं बरंच आज वर्गात वापरतो, द्राक्षांच्या धंद्यात जे शिकलो तेही वापरतो. उधारीचे दिवस आणि खेळतं भांडवल मी माझ्या मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. वाट बदलल्यानं पैसे बुडाले असं मला वाटत नाही. मला सलतं ते वेगळं. कुणाकुणाच्या पैशांवर मी उभा होतो ते ठाऊक असतं तर नोकरी सोडताना मी त्यांना विचारलं असतं. विचारलं असतं तर कदाचित ते हो म्हणाले असते. ताई तर नक्कीच म्हणाली असती. सात महिने खोटं बोलावं लागलं नसतं. तुझं तसं होऊ नये. तुला सगळे आकडे माहीत आहेत. बदलावंसं वाटलं तर ह्याच सोप्यात ये, वही घेऊन ये.

तिनं त्यावर हो-नाही काही म्हटलं नाही. वहीत दुसरं पान काढलं आणि वरती 'वालचंद, घरून' असं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात पतसंस्थेचा दाखला मिळाला. जुनी कीर्द शोधायला त्यांना दोन दिवस लागले, पण मिळाली. अर्ज दिला, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवा उतारा निघाला. भाची माझ्याबरोबर होती. इतर अधिकाराच्या रकान्यात पतसंस्थेचं नाव, एक लाख पन्नास हजार, सगळं तसंच होतं, फक्त त्यावरून एक आडवी रेघ गेली होती.

घरी आण्णा सोप्यात झोपाळ्यावर बसले होते. तिनं उतारा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला, कागद उजेडाकडं धरला, रेघेवरून अंगठा फिरवला. मग तिच्याकडं बघून म्हणाले,

"आता मोकळी झाली जमीन. बोल, तुला किती लागत्यात?"

ती त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसली आणि तिनं वही उघडली.

"दोन हिशेब हायत, आण्णा," ती म्हणाली. "दोन्ही बघा."